नात्याचा रकाना

माझी धाकटी जाऊ दहावी नापास. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढे तिच्याबद्दल बरंच चांगलं लिहावं लागणार आहे आणि ते मला एकदम जमणार नाही. गणितात गेली ती, तेही दोनदा. मी राज्यशास्त्रात एम.ए., वर कायद्याची पदवी, आणि एकोणतीस वर्षं कॉलेजात राज्यघटना शिकवलेली. आज त्याच कॉलेजातली मुलं परीक्षेसाठी जो निकाल घोकतात, त्याच्या डोक्यावर तिचं नाव आहे. अमुक विरुद्ध नगरपालिका. त्यातली अमुक म्हणजे आमची ही. निकालाच्या एकशे बारा परिच्छेदांत मी एकदाच येते, एकोणिसाव्यात, आणि तिथेही नावाने नाही. ‘अर्जदाराची जाऊ’, बस्स.

आमची घरं एकमेकांना चिकटून. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बांधलेली. मला चार खोल्या आल्या, तिला तीन. माझे दीर उच्च न्यायालयात शिपाई होते. अडतिसाव्या वर्षी आजारी पडले आणि चार महिन्यांत गेले. कोर्टाने तिला त्यांच्या जागी घेतलं आणि विचारलं, जुन्या कागदांच्या खोलीत झाडलोट करणार की लिफ्ट चालवणार? ती म्हणाली, “लिफ्ट द्या. निदान माणसं तरी दिसतील.” मी तेव्हा नाक मुरडलं होतं. आमच्या घरातली बाई दिवसभर खाली-वर करणार, आणि माझे ओळखीचे वकील तिला मजला सांगणार! त्या वकिलांशी माझी ओळख जेमतेम होती, ही गोष्ट वेगळी.

ती लिफ्ट मी पाहिली आहे. जाळीची दोन दारं, आत पितळेची मूठ. मूठ फिरवून लिफ्ट वर न्यायची आणि बरोबर मजल्याला आणून थांबवायची, हे सगळं हाताने. नवशिक्याच्या हातची लिफ्ट वीतभर वर नाहीतर वीतभर खाली थांबते आणि म्हाताऱ्या वकिलांना काळे डगले सावरत उडी मारावी लागते. हिची अशी थांबायची की लिफ्ट कुठे संपली आणि फरशी कुठे सुरू झाली ते बुटाला कळू नये. आतल्या भिंतीवर पत्र्याची पाटी होती: ‘माणसे ६’. सातवा घुसला की ही दार ओढायचीच नाही. मूठ धरून गप्प.

“अहो लिफ्टबाई, मी बारीक आहे. मला अर्धाच धरा.”

“मग अर्धेच या साहेब. उरलेले पुढच्या खेपेला.”

अशी तिची भाषा. सव्वीस वर्षं चालवली तिने ती लिफ्ट. घटस्फोटाला आलेले नवरा-बायको, जामिनावरचे आरोपी आणि त्यांच्या विरुद्धचे साक्षीदार, सगळे तिच्या त्या पेटीत खांद्याला खांदा लावून दाराकडे तोंड करून उभे राहायचे. घरी आली की ती मला सांगायला यायची, वहिनी आज असं झालं, वहिनी आज तसं झालं. मी पेपर तपासत असायचे. मी म्हणायचे, “नंतर सांग.” नंतर ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लागली.

त्या दुसऱ्या कुणाचं आता सांगते.

दिरांच्या आजारपणात हॉस्पिटलात एक नर्स होती. तिला सगळे सिस्टरच म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. उंच, हाडकुळी, डाव्या कानाने बहिरी. निवृत्त झाली तेव्हा हॉस्पिटलची खोली सोडावी लागली, म्हणून आठ दिवसांसाठी माझ्या जावेकडे आली. त्या आठ दिवसांना आता अकरा वर्षं झाली. तिच्या मागून दुसरी आली. ही एका थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायची. थिएटर पाडलं, तिच्या घरमालकाने तिला काढलं, आणि लिफ्टबाईने कुठल्याशा सुनावणीच्या दिवशी तिला कोर्टाच्या पायरीवर रडताना पाहिलं. घरी घेऊन आली. हिचं नाव पडलं बॉक्सऑफिस. आवाज असा की भिंत आरपार. पहिलं वर्ष तिने आणि सिस्टरने एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. मला वाटलं, चला, आटपलं. दुसऱ्या वर्षी त्या तिघी संध्याकाळी पत्ते खेळायला लागल्या.

आता भिंतीचं. माझे यजमान गेले, मुलगा दुसऱ्या शहरात, चार खोल्यांत मी एकटी. संध्याकाळी पाच वाजले की पलीकडून पत्ते आपटल्याचा आवाज यायचा. मग बॉक्सऑफिस ओरडायची, “हाऊसफुल!” म्हणजे तिचा डाव झाला. मग सिस्टर म्हणायची, “काय फुल? कुणाला फूल?” मग तिघी हसायच्या. रोज तोच विनोद, रोज तेच हसणं! मी इकडे रेडिओ मोठा करायचे. अकरा वर्षांत मला एकदाही कुणी म्हटलं नाही की या, बसा, चौथा भिडू हवाच आहे. मी तरी कशाला जाऊ? मी थोरली. बोलावल्याशिवाय जाणारी नव्हे.

दोन वर्षांपूर्वी दुपारी नगरपालिकेचा तपासनीस माझ्या दारात उभा राहिला. हातात फाईल, मानेला रुमाल. गल्लीतून कुणीतरी तक्रार केली होती. (मी नव्हे. हे नीट वाचा, मी नव्हे.) पालिकेचा एक नियम होता, आमच्या भागातल्या घरांत एकच कुटुंब राहू शकतं. कुटुंब म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने जोडलेली माणसं, आणि वर जास्तीत जास्त एक परकं माणूस. काही वर्षांपूर्वी एकेका घरात सोळा-सोळा मुलं कोंबून वसतिगृहं चालवली जात, रात्रंदिवस दंगा, नळाला पाणी नाही, तेव्हा हा नियम केला होता. माझा तेव्हा त्याला पाठिंबा होता.

“मॅडम, शेजारी तिघी राहतात त्या कोण?”

“एक माझी जाऊ.”

“आणि बाकीच्या दोघी? तुमच्या नात्यातल्या?”

मी सांगू शकले असते की त्यांनाच विचारा. नेमक्या त्या वेळी भिंतीपलीकडे तिघी खो-खो हसल्या. भर दुपारी!

“रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही, दत्तकाचंही नाही,” मी म्हणाले. “आणि तुम्ही इथे नुसतं ‘अनधिकृत’ लिहिलंय, ते टिकायचं नाही. नियम चौदा, पोटनियम दोन. तसं घाला.”

त्याने घातलं. मी चष्मा लावून तपासलंही.

पंधरा दिवसांनी ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली. तीस दिवसांत जादा व्यक्ती हलवावी, नाहीतर घर रिकामं करून सील करण्यात येईल.

“वहिनी, जादा व्यक्ती म्हणजे?”

“नियमाला एक परकी चालते, दोन नाहीत. एकीला जावं लागेल.”

“कुठलीला?”

“ते तू ठरवायचं.”

तिने कागद माझ्यापुढे धरला. “मी कशी ठरवणार? सिस्टरने यांचं शेवटचं सगळं केलं. आपल्याला दोघींना बघवत नव्हतं तेव्हा केलं. आणि त्या बॉक्सऑफिसला तर दुसरं दारच नाही. माझ्या घरात कोण राहील हे सरकार कसं सांगतं हो?”

हाच प्रश्न मी एकोणतीस वर्षं परीक्षेत घातला होता. खासगी वर्तनावर निर्बंध घालण्याचा राज्याचा अधिकार, घटनेच्या आधारे चर्चा करा, गुण पंधरा. मी तिला उभ्या उभ्या सांगितलं की राज्य सांगू शकतं, उंबरठ्याच्या आत कायदा येतच नाही असं काही नाही. घरात स्फोटकं साठवू नका, बायकोला मारू नका, शेजाऱ्याला झोपू न देता ढोल बडवू नका, हे सगळं खासगीच आहे आणि राज्य ते अडवतं. फक्त निर्बंध कशासाठी घातला आणि तो त्यासाठी उपयोगी पडतो का, या दोघांचा सांधा जुळावा लागतो.

“सांधा म्हणजे?”

“ते तुला नाही कळायचं,” मी म्हणाले. “मी टिपण लिहून देते.”

खरोखरच दिलं. सोळा पानं, सुवाच्य अक्षरात, तळटीपांसह. त्यात मनापासून रमले मी. तपासनिसाला कलम सांगणारी मीच आणि बचाव लिहिणारीही मीच, याचं मला त्या आठवड्यात काही वाटलं नाही. तिला माझी गरज पडली आहे, एवढंच डोक्यात होतं. तिने पानं दोन्ही हातांनी घेतली. “छान आहे वहिनी. वकीलबाईंना देते.”

“कोण वकीलबाई?”

वकीलबाई निघाली माझीच विद्यार्थिनी. मागच्या बाकावरची, मी तिला राज्यघटनेत शंभरात त्रेचाळीस दिले होते. आता तिचं नाव झालं होतं, तिची वेळ मिळायची मारामार, आणि ती माझ्या जावेच्या स्वयंपाकघरात चहात बिस्किट बुडवत बसलेली! मला बघून उठली. “अय्या मॅडम, तुम्ही इथेच राहता? मला माहीतच नव्हतं.” ती काही न घेता ही केस लढणार होती. कशासाठी, तर नवीन असताना पहिलीच केस हरली, लिफ्टमध्ये शिरली आणि तिला रडू फुटलं. लिफ्टबाईने दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवली. वरून लोक ओरडायला लागले तेव्हा तोंड वर करून सांगितलं, “बिघाड झालाय, जिन्याने या!” हिचं रडून, तोंड पुसून झालं तेव्हा बिघाड दुरुस्त झाला.

मी त्या मुलीला तीन वर्षं शिकवलं. तिने माझं टिपण चाळलं, “खूप अभ्यास आहे मॅडम,” म्हणाली आणि बिस्किटाच्या डब्याखाली ठेवलं.

सुनावणीला मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मागच्या रांगेत बसले, पुढे सिस्टर आणि बॉक्सऑफिस, त्यांच्या पुढे ती. खंडपीठात दोन न्यायमूर्ती. एक पिकल्या केसांचे, दुसऱ्या शहरातून नुकतेच बदलून आलेले, आणि एक पन्नाशीच्या बाई. पालिकेच्या वकिलांचा आवाज सुरेख होता. घर म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेरचा मुलूख नव्हे, ते म्हणाले. गर्दी, पाणी, कचरा, आवाज, या गोष्टी सांभाळणं पालिकेचं काम आहे आणि त्यासाठी ती लोकांच्या राहण्यावर बंधन घालू शकते. मी मान डोलावली. मुद्दे बरोबर होते. मग त्यांनी एक कागद उचलला.

“हा पालिकेने अर्जदाराकडून भरून घेतलेला फॉर्म. घरात राहणाऱ्यांची नावं, वय, काम, आणि चौथा रकाना नातं. आता बघा. पहिल्या बाईंपुढे नात्याच्या रकान्यात अर्जदाराने लिहिलंय, ‘चांगलं’. दुसऱ्या बाईंपुढे, ‘आता चांगलं’.”

कोर्ट हसलं. बॉक्सऑफिस सिस्टरच्या उजव्या कानात म्हणाली, “आता म्हणजे? आधी काय वाईट होतं?” सिस्टर म्हणाली, “होतंच!” शिपायाने दोघींकडे डोळे वटारले.

“ही सरकारी कागदाची थट्टा आहे,” वकील पुढे म्हणाले. “अर्जदार म्हणतात त्यांना प्रश्न कळला नाही. पण याच फॉर्मच्या शेवटी, ‘जवळपास राहणारे नातेवाईक’ या ओळीत त्यांनी स्वतःच्या जावेचं नाव दिलंय. तिथे रकान्यात काय आहे? ‘जाऊ’. म्हणजे नातं कशाला म्हणतात ते त्यांना उत्तम कळतं! आणि याच जावेने तपासनिसांना सांगितलंय की त्या दोघी कोणत्याही नात्याने जोडलेल्या नाहीत. नियमासकट सांगितलंय.”

माझे कान तापले. तपासनिसाचा अहवाल फाईलमध्ये होता म्हणजे ती तो कधीच वाचून बसली होती. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

पिकल्या केसांच्या न्यायमूर्तींनी तिला पुढे बोलावलं. “बाई, नातं विचारल्यावर तुम्ही ‘चांगलं’ का लिहिलंत?”

“साहेब, आधी नाव होतं, मग वय, मग काम, मग नातं. मला वाटलं, कसं आहे ते विचारतायत.”

“मग जावेपुढे ‘जाऊ’ कसं काय लिहिलंत?”

तिने मान वळवून मागे पाहिलं, मी कुठे बसले आहे ते तिला ठाऊक होतं. मग पुन्हा पुढे बघून म्हणाली, “तिथे दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही, साहेब.”

या वेळी कुणी हसलं नाही. मी पर्स उघडली आणि बंद केली. कायद्याने तिचं जे एकुलतं एक माणूस मानलं होतं, ते मी. आणि माझ्यापुढच्या रकान्यात तिला चांगलं लिहिता आलं नव्हतं, वाईट लिहायची तिची रीत नव्हती. एका भांडकुदळ तिकीटवालीला ‘आता चांगलं’ मिळालं होतं. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मला नुसतं ‘जाऊ’.

न्यायमूर्ती बाईंनी विचारलं, “पण गर्दीचं काय? आज दोघी आहेत, उद्या तुम्ही दहा जणी आणल्यात तर?”

“मॅडम, मी याच कोर्टात सव्वीस वर्षं लिफ्ट चालवली. आत पाटी होती, सहा माणसं. सातवा आला की मी दार लावत नव्हते, मग तो कुणी का असेना. पण त्या सहांत नवरा-बायको किती आणि सख्खे भाऊ किती हे मी कुणाला विचारलं नाही. दोराला वजन कळतं हो, नातं नाही कळत. माझ्या घरात किती माणसं मावतात ते मोजा. चार म्हणा, पाच म्हणा, मी ऐकेन, जास्त झाली तर मीच दार लावणार नाही. पण यांच्या जागी माझ्या दोन बहिणी असत्या तर चालल्या असत्या ना? त्यांनीही एवढंच पाणी वापरलं असतं. उलट जास्तच. माझ्या बहिणी फार धुतात.”

वकीलबाई खाली बसली होती ती उठलीच नाही. उठायची गरज राहिली नव्हती. निर्बंध आणि हेतू यांचा सांधा म्हणजे काय, हे मी सोळा पानांत सांगितलं होतं आणि हिने एका पत्र्याच्या पाटीत सांगून टाकलं. न्यायमूर्ती बाई लिहून घेत होत्या. एकोणतीस वर्षांत माझं एक वाक्य कुणी असं लिहून घेतलेलं मला आठवत नाही, परीक्षेत येणार आहे असं सांगितल्याशिवाय. मला जे वाटत होतं त्याला मी तेव्हा तत्त्वाचं काहीतरी नाव द्यायला बघत होते. तो मत्सर होता. तिच्या वाक्याचा, त्या दोघींचा, मागच्या बाकावरच्या त्रेचाळीस मार्कवालीचा, सगळ्यांचा.

निकाल चार महिन्यांनी आला. पालिका गर्दीवर बंधन घालू शकते, घराच्या आकारावरून माणसं ठरवू शकते, पण त्या माणसांचं आपसातलं नातं तपासू शकत नाही. पोटनियम दोन रद्द. परिच्छेद चौसष्टमध्ये दोराला वजन कळतं ते वाक्य जसंच्या तसं आहे. पेपरवाले फोटो काढायला आले. तिघी दारात उभ्या राहिल्या, मी माझ्या दारात. फोटोवाला म्हणाला, “आजी, तुम्ही जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” मी झाले बाजूला.

पुढच्या महिन्यात पालिकेचा माणूस टेप घेऊन आला, खोल्या मोजल्या आणि परवानगीचा कागद देऊन गेला. त्या घरात चार माणसं राहू शकतात. मी बिस्किटांचा पुडा घेऊन अभिनंदनाला गेले होते. बॉक्सऑफिस तो कागद नाचवत ओरडली, “एक सीट रिकामी! एक सीट रिकामी! खिडकी उघडी आहे!” सिस्टर म्हणाली, “खिडकी लाव, थंडी वाजते.” तिघी हसल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी काही गोड बोलून निघून जाणारी बाई नाही. मी विचारलंच.

“मला का नाही विचारलंस?”

“काय, वहिनी?”

“इथे राहायला. अकरा वर्षांत. एकदाही.”

सिस्टरने उजवा कान इकडे केला. बॉक्सऑफिसचं तोंड उघडं राहिलं, आवाज मात्र आला नाही. हे प्रथमच.

“तुमचं घर आहे की. चार खोल्यांचं,” जाऊ म्हणाली.

“मला माझ्या खोल्या मोजता येतात. विचारलंय त्याचं उत्तर दे. त्या कलमामुळे म्हणत असशील तर ते नंतरचं आहे. त्याच्या आधी का नाही?”

“कलमाचं काय त्यात. खरंच होतं ते. तुम्ही खोटं कुठे बोललात?” ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून होती. मग म्हणाली, “आत्ता मी काय करतेय, सांगा.”

“काय करतेयस? उभी आहेस.”

“तुम्ही आल्यापासून उभी आहे. या दोघी बसल्यात बघा. तुम्ही दारात आलात की मी उठते, वहिनी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून. लिफ्टमध्ये मोठमोठे वकील शिरायचे, मी स्टुलावरून हलायची नाही. पण तुमच्यापुढे मला बसवत नाही. तुम्ही वाईट म्हणून नव्हे. थोरल्या म्हणून. आता माझे गुडघे गेलेत हो. म्हातारपणी मला माझ्या घरात बसायचंय.”

“मग बस ना! मी कधी म्हटलं उठ म्हणून?”

“पाय ऐकत नाहीत,” ती म्हणाली, आणि कसंनुसं हसली.

मी पुडा टेबलावर ठेवला आणि घरी आले. दोन दिवस मी तिच्यावर रागावण्याचा प्रयत्न केला, नीट जमला नाही. तिला उभं राहायचा हुकूम कुणी दिला होता? कुठल्याच पुस्तकात नाही, कुठल्या नियमात नाही, मी स्वतः तर कधीच दिला नाही. फक्त चाळीस वर्षं ती उठत होती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण थोरलीपुढे धाकटीने उठायचं हे मला फार आवडत होतं. हे रद्द करून मागायला मी कुठल्या कोर्टात जाणार?

तर आता मी आठवड्यातून दोनदा जाते. भिडू म्हणून नव्हे, पत्ते मला येत नाहीत आणि बॉक्सऑफिसकडून शिकायची माझी तयारी नाही. नुसती जाते. त्या रिकाम्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही आणि मी त्याबद्दल विचारत नाही. पाच वाजता त्यांच्या दारात उभी राहून आधीच ओरडते, “उठू नकोस गं!” ती उठतेच. सिस्टर रागावते, “गुडघ्यांकडे बघ!” मी म्हणते, “मी सांगितलं होतं तिला.” त्या दोघी मला बघून बोटभर हलत नाहीत, पानं हातात धरून बसलेल्या असतात, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही त्यांचा हेवा वाटतो. तिच्यापुढे त्यांना असं बसता येतं आणि त्यांच्यापुढे तिला.

परवाच्या गुरुवारी ती अर्धीच उठली. खुर्चीच्या हातावर जोर देऊन, कंबरेत वाकलेली, माझ्याकडे बघत तशीच थांबली. मी एक अक्षर बोलले नाही. ती पुरती उठायच्या आत पटकन समोरची खुर्ची ओढली आणि बसून घेतलं.